अनोळखी फाइली

३ फेब्रुवारी

भावजी,

जहाजावर फोन लागत नाही हे ठाऊक असूनही सकाळपासून लावत होते. शेवटी तुमचे दादा म्हणाले, "लिही त्याला. लिहिलेलं वाचतो तरी. बोललेलं कधी ऐकलंय त्याने?" बघा, तुम्ही किल्ल्यांचं दुकान सोडून समुद्रावर गेलात त्याला इतके दिवस झाले, तरी टोमणा ताजा आहे.

आता मुद्द्याचं. माझ्या कान-तपासणीच्या सेंटरचा कॉम्प्युटर गेला. वीज दोन-तीनदा आली-गेली आणि डिस्क बसली ती बसलीच. दुरुस्तीवाल्याने नवा कॉम्प्युटर जोडला, जुन्या डिस्कवरून जे काही ओरबाडून निघालं ते त्यात टाकलं आणि तुम्ही बसवून दिलेला बॅकअपचा प्रोग्रॅमही चढवला. तो उघडला तर वर लाल पट्टी: "डेटाबेस खराब आहे. वाचता येत नाही." दुरुस्तीवाला हात झटकून म्हणाला, "बॅकअपच गेला म्हणा मॅडम."

मी त्याला तो पुन्हा पुन्हा उघडायला लावला. का, ते नीट सांगते, कारण तुम्हाला माझं काम म्हणजे कानाची मशिनं विकणं वाटतं.

माझ्याकडे एक चार वर्षांची मुलगी येते. एका जागी ठरत नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. आई सिटी बस चालवते. भिंगरी जन्मापासून बहिरी. ऑपरेशन करून कानात तारा बसवल्यात, आणि बाहेर कानामागे एक छोटं यंत्र चिकटतं, ते आवाज आत पाठवतं. ते यंत्र आंघोळीच्या बादलीत पडून मेलं. नवं आलंय, पण कोरं. कुठल्या तारेला किती आवाज दिला की तिला जेमतेम कळतो आणि किती दिला की दुखतं, हे माप त्यात भरावं लागतं. त्याला आम्ही मॅप म्हणतो. मोठी माणसं तोंडाने सांगतात. हिचा मॅप मी वर्षभर तिच्या भुवयांकडे बघून, आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा खेळ खेळून, कणाकणाने जमवलाय. तो त्या मेलेल्या डिस्कवर होता. दुसरी प्रत फक्त तुमच्या बॅकअपमध्ये.

भिंगरी "आई" म्हणायला लागली होती. आता नुसते ओठ हलवते. आवाज काढायचा असतो हे ती विसरत चाललीय, भावजी. मला दिसतंय ते.

काय करू?

वहिनी

५ फेब्रुवारी

वहिनी,

दुरुस्तीवाल्याला माझा नमस्कार सांगा आणि त्याला कॉम्प्युटरपासून लांब बसवा.

बॅकअप गेलेला नाही. आधी एक भांडं पाणी प्या, मग पुढे वाचा.

प्रोग्रॅम तुमच्या फाइलींचे तुकडे करतो आणि ते नेटवरून दादाच्या दुकानात फळीवर ठेवलेल्या काळ्या डब्यात, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर, पाठवतो. कुठला तुकडा कुठल्या फाइलीचा, कुठल्या तारखेचा, हे तो तुमच्या कॉम्प्युटरवर एका सूचीत लिहून ठेवतो. त्या सूचीलाच तो डेटाबेस म्हणतो. दुरुस्तीवाल्याने मेलेल्या डिस्कवरून ती सूची अर्धीमुर्धी उचलली, म्हणून वाचता येत नाही. फाटलीय ती सूची. माल डब्यात आहे.

आता हे करा. प्रोग्रॅमने जी फाइल खराब म्हणून दाखवलीय तिचं नाव बदला. पुसू नका, फक्त नाव बदला. मग प्रोग्रॅममध्ये "डेटाबेस नव्याने बांधा" असं बटण आहे ते दाबा. तो डब्यातला एकेक तुकडा उघडून बघेल आणि नवी सूची लिहील. फार हळू चालतं. पट्टी जागची हलत नाही असं वाटेल, पण हलत असते. मधे वीज जाता कामा नये, तेव्हा इन्व्हर्टरवर दुसरं काही लावू नका. आणि दुसऱ्या कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी मला त्यावरचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवा. इथे ईमेलची डाक दिवसातून एकदाच जाते-येते, तीही समुद्र बरा असेल तर, आणि फोटो त्यातून येत नाहीत.

डब्याचा हिरवा दिवा लागलाय का, हे दादाला बघायला सांगा. मी विचारलंय असं सांगू नका. नाहीतर मुद्दाम बघणार नाही.

मी मशिनं विकणं असं कधी म्हटलं नव्हतं. मनात असेल कदाचित.

तुमचा धाकटा दीर

८ फेब्रुवारी

भावजी,

आधी वाईट बातमी.

पट्टी दोन दिवस रांगत होती. मी दर पेशंटनंतर जाऊन बघायची. तुमचे दादा म्हणायचे, "दूध आहे का ते, उतू जाईल म्हणून बघतेस?" शेवटी इन्व्हर्टरने दगा दिला. वीज गेली, तोही गेला, आणि परत तीच लाल पट्टी.

त्यात भिंगरीची आई आली. युनिफॉर्मवरच, ड्युटी संपवून. म्हणाली, "मॅडम, वर्षभर तुम्हीच केलंय ना हे? मग आठवत नाही का? अंदाजाने काहीतरी भरा." मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, बोटांना आठवत असेल. भरला. हळू ठेवला होता, अगदी हळू. पण कुठल्या तरी एका तारेत माझा अंदाज चुकला. भिंगरी अशी किंचाळली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. तिने ते यंत्र ओढून फेकलं. आता तिच्या कानाकडे नुसता हात नेला तरी ती चावायला येते. आणखी एकदा असं झालं तर ती ते यंत्र आयुष्यात लावून घेणार नाही. अशी मुलं मी पाहिली आहेत.

आता बरी बातमी. आज सकाळी सेंटर उघडलं, प्रोग्रॅम सुरू केला, तर लाल पट्टी नाही! पिवळी आहे. शब्द जसेच्या तसे लिहिते: "डब्यात सूचीमध्ये नसलेल्या अनोळखी फाइली सापडल्या. दुरुस्ती चालवा." आणि खाली बटण: दुरुस्ती.

मी तर टाळीच वाजवली. आपोआप निम्मं बरं झालं असणार. फोल्डरांची यादीही दिसते, भिंगरीचं नाव दिसतं. फक्त तारखा जूनपर्यंतच्याच आहेत. जूननंतरचं म्हणजे त्या अनोळखी फाइली असतील, आणि दुरुस्ती केली की त्यांची ओळख पटेल, असं मी धरून चाललेय. बरोबर ना?

तुमचे दादा हल्ली रोज दुकान उघडायच्या आधी सेंटरवर चक्कर मारतात. म्हणतात प्लग सैल आहे का बघतो. डब्याचा हिरवा दिवा लागलेला आहे, हेही त्यांनीच न विचारता सांगितलं. तुमच्याबद्दल अवाक्षर नाही, पण तुमचं पत्र मी मोठ्याने वाचते तेव्हा हातातली कानस थांबते.

उद्या भिंगरीच्या आईने ड्युटी बदलून घेतलीय. उद्या सकाळच्या डाकेत तुमचं उत्तर आलं नाही तर मी दुरुस्ती दाबते.

वहिनी

९ फेब्रुवारी

वहिनी,

दाबू नका.

काल समुद्र खवळलेला होता, डाक आलीच नाही. तुमचं पत्र आत्ता हातात पडलं. हे कधी पोचेल ते मला माहीत नाही. कॅप्टनच्या पाया पडून वेळेआधी पाठवतोय.

फाटलेली सूची आपोआप बरी होत नसते. जूनमध्ये मी प्रोग्रॅम बसवला, त्या दिवशीची जुनी सूची कोणीतरी आणून त्या जागी ठेवलीय. प्रोग्रॅम ती वाचतोय आणि त्याला वाटतंय, आज जून आहे. जूननंतर डब्यात आलेलं सगळं त्याच्या सूचीत नाही. म्हणजे त्याच्या लेखी तो कचरा. दुरुस्ती म्हणजे त्या कचऱ्याची ओळख पटवणं नाही, तो झाडून टाकणं. भिंगरीचा सहा-सात महिन्यांचा मॅप त्याच कचऱ्यात आहे.

आधी कोणालातरी दुकानात पाठवून डब्याची केबल उपटायला सांगा. नंतर कॉम्प्युटर बंद करा.

आणि वहिनी, खरं सांगा, ती सूची तुम्ही ठेवलीत का? मी रागावणार नाही. पण मला न सांगता काही करू नका म्हटलं होतं.

तुमचा दीर

९ फेब्रुवारी, दुपार

भावजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा बटण दाबून झालेलं होतं. पट्टी चालू होती आणि या वेळी अगदी छान, भराभर चालली होती. मला काय आनंद!

तुमचे दादा चहा घ्यायला आले होते. नेहमीसारखं मी मोठ्याने वाचायला लागले. "दाबू नका" वाचलं तरी पुढे वाचत राहिले, कारण थांबले तर कळणार कसं पुढे काय करायचं? "जुनी सूची कोणीतरी आणून" इथवर आले आणि बघते तर ह्यांनी कप खाली ठेवलेला, दारात चपला तशाच, आणि माणूस रस्त्यावर पळतोय. त्यांना पळताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून ओढली. वीज बंद, पट्टी बंद. पण तोवर काय काय झाडलं गेलं, कोण जाणे.

ते परत आले ते हातात केबल घेऊन. मेलेला साप धरावा तशी. दारातच उभे राहिले.

"मीच ठेवली," म्हणाले.

"काय?"

"ती सूची. जूनमध्ये त्याने मला पेनड्राइव्हवर प्रत दिली होती. म्हणाला होता, दादा, एक प्रत तुझ्याकडे असू दे. ती गल्ल्यात ठेवली होती. त्याने पत्रात लिहिलं कुठली फाइल, तू नाव बदललंस ते मी बघितलं. काल सकाळी तिच्या जागी ती ठेवली."

"मला न सांगता?"

"चालली असती तर सांगितलं असतं."

मी किती ओरडले ते लिहीत नाही. पेशंट बाहेर बसलेले, तरी ओरडले. ते ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, "किल्लीची नक्कल काढली की ती थोडी झिजते. तिचीही काढली की आणखी. मग एक दिवस कुलूप अडतं. म्हणून गिऱ्हाइकाला मी नेहमी म्हणतो, सगळ्यात जुनी आण. सगळ्यात जुनी ती सगळ्यात खरी. मला वाटलं, ही पहिली सूची आहे, हिच्यात खोट नसणार."

आयुष्यभर किल्ल्या केलेल्या माणसाला याहून वेगळं काय सुचणार? पण हे मी त्यांना म्हटलं नाही. तेवढं मोठं मन माझं त्या वेळी नव्हतं.

आणि तुम्हालाही सांगते, मी काही ठेवलेलं नव्हतं. "खरं सांगा" हे मला लागलं.

भिंगरीच्या आईला मी दारातूनच परत पाठवलं. ती मुलीचा हात धरून फुटपाथवर बराच वेळ उभी होती. मुलगी तिच्याकडे बघून ओठ हलवत होती आणि ती दुसरीकडे बघत होती.

आता डब्यात काय उरलंय?

वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

"खरं सांगा" मागे घेतो. आणि ती प्रत दादाला देताना ती कशासाठी आहे, कधी वापरायची आणि कधी नाही, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांना अर्धंच सांगतो.

खोटा धीर देत नाही. प्रोग्रॅम कुठल्या क्रमाने झाडतो ते मला ठाऊक नाही. नवं आधी गेलं असेल, जुनं आधी गेलं असेल, किंवा इकडचं-तिकडचं. जे पुसलं ते गेलं. पण तो डबा संथ आहे, कॉम्प्युटर बंद झाला तरी सांगितलेलं सावकाश पुसत राहतो. दादा पळाला त्या प्रत्येक पावलाने काहीतरी वाचलंय.

आता पुन्हा पहिल्यापासून. दादाची सूची तिथून काढा. जागा रिकामी ठेवा. केबल जोडा आणि "नव्याने बांधा" दाबा. "दुरुस्ती" नाही. या वेळी प्रोग्रॅमला काहीच आठवत नसेल, आणि तेच आपल्याला हवंय. डब्यात जे आहे तेवढंच तो बघेल आणि त्याचीच सूची करेल. शेजाऱ्यांकडून दुसरा इन्व्हर्टर आणा.

सूची झाली की तारखांच्या आवृत्त्या दिसतील. सगळ्यात नवीपासून सुरू करा. भिंगरीचं फोल्डर निवडा आणि ते वेगळ्या रिकाम्या जागी उतरवा, आहे त्यावर नाही. तुकडे हरवले असतील तर तो तसं सांगेल. मग एक तारीख मागे या. पुन्हा. जी पहिली अख्खी उतरेल ती तुमची.

पट्टीजवळ कोणीतरी बसायला हवं. दादाला बसवा. त्याला शिक्षा म्हणून नाही. तो बसला की तिथून कोणी उठवू शकत नाही, म्हणून.

तुमचा दीर

१४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी वहिनी भिंगरीच्या घरी गेलीय. काय बोलायचं ते ठरवून गेलीय, पण तिथे गेल्यावर ते बोलणार नाही. म्हणून मी लिहितोय. मला टायपिंग जमत नाही, एका बोटाने करतोय, चुका काढू नकोस.

दुकान बंद ठेवून मी पट्टीसमोर बसलो. तू म्हणतोस हलते, पण मला दिसेना. मग पडद्यावर पट्टीच्या टोकाला कागदाची चिकटपट्टी लावली. जेवून आलो तर पट्टी तिच्या पुढे गेलेली. मग चिकटपट्टी पुढे सरकवली. असं करत करत काल संध्याकाळी सूची पूर्ण झाली. एकदा वीज गेली. शेजारच्या टेलरच्या इन्व्हर्टरने तारलं. त्याने विचारलं, काय शिजतंय? मी म्हटलं, आठवण.

आता ऐक. जानेवारी निवडला: "या आवृत्तीचे तुकडे सापडत नाहीत." डिसेंबरच्या दोन्ही तारखा: तेच. तुझी वहिनी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. नोव्हेंबर अखेर: निम्मी उतरली आणि थांबली. मी म्हटलं, आता मागे गेलो तर सरळ जूनला धडकू. ती म्हणाली, "गप बसा आणि दाबा." नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. उतरली. अख्खी. तिने तिच्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि भिंगरीचा आलेख आला. तिने बोट ठेवून एकेक तार मोजली.

मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "नोव्हेंबरनंतर मी दोनदा वाढवलं होतं. बारीक आवाजांचं माप. ते गेलं." रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर बरं झालं असतं.

तर माझ्यामुळे त्या पोरीचे दोन-तीन महिने गेले. हे मला कोणी म्हटलेलं नाही. तूही म्हणू नकोस, मला ठाऊक आहे.

उद्या तिला बोलावलंय. नोव्हेंबरचा मॅप जानेवारीच्या मॅपपेक्षा हळू आहे, म्हणजे दुखणार नाही, असं तुझी वहिनी म्हणते. पण पोर यंत्र लावू देईल का हा प्रश्न आहे. मी सेंटरवर जाऊ की दुकानात बसू? विचारून उपयोग नाही, तुझं उत्तर येईपर्यंत होऊन गेलेलं असेल.

तिकडे थंडी आहे का? स्वेटर नेलास का?

दादा

१५ फेब्रुवारी

भावजी,

तुमच्या दादांनी तुम्हाला लिहिलंय हे मला आज कळलं. काय लिहिलं ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही.

भिंगरी आली ती आईच्या मागे लपून. आई आज युनिफॉर्ममध्ये नव्हती. तिला तशी मी पहिल्यांदाच पाहिली, एकदम लहान वाटली. मी दार लावलं, पंखा बंद केला. यंत्र टेबलावर ठेवलं आणि मागे सरले. ते आपण तिच्या कानामागे लावायचं नाही असं मी रात्रीच ठरवलं होतं. तिचं तिने घेतलं तर घेतलं.

तिने नाही घेतलं. टेबलाखाली जाऊन बसली. आई म्हणाली, "मी धरते तिला, तुम्ही लावा." मी म्हटलं, "नको." ती म्हणाली, "मॅडम, सोमवारपासून माझी सकाळची पाळी आहे. मला रोज यायला जमणार नाही." मी परत म्हटलं, "नको." आवाज चढला माझा. आईचे डोळे भरले.  जिच्या मुलीचे दोन-तीन महिने मी हरवले होते तिच्यापुढे मी बसले होते.

बऱ्याच वेळाने टेबलाच्या कडेवर चार बोटं दिसली. मग यंत्र खाली गेलं.  तिने ते उलटं केलं, सुलटं केलं, चाटून बघितलं, आणि कानामागे नेलं. आतल्या लोहचुंबकाने ते टक् करून पकडलं.

मी आवाज अगदी तळाला ठेवला होता. एक पायरी वर नेली. काही नाही. आणखी एक. ती यंत्रातून कॉम्प्युटरला जाणाऱ्या वायरशी खेळत होती. आणखी एक. आई "बाळा" म्हणाली. काही नाही. भावजी, नोव्हेंबरमध्ये या पायरीला ती मान वळवायची. माझ्या मनात आलं, संपलं. तुकडे आले, पण काहीतरी चुकलं, दिसायला अख्खं आणि आत पोकळ.  तरी एक पायरी नेली.

भिंगरी टेबलाखालून बाहेर आली, ते माझ्या टेबलाच्या खणाला धरून उठत. खण जोरात आत गेला. धाड.

ती थांबली. खणाकडे बघितलं. तो ओढला, आणि ढकलला. धाड. पुन्हा ओढला. धाड. तिने आमच्याकडे बघितलंच नाही. तिला आमच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ती आणि तो खण. धाड, धाड, धाड. पेनं उडाली, स्टेपलर खाली पडला. मी मोजायचं विसरले, आवाजाची पायरी लिहून घ्यायचीही विसरले.

तिची आई आधी हसत होती, मग रडत होती, मग सवयीने, अगदी बसमध्ये मागच्यांवर ओरडावं तसं ओरडली, "ए, पुरे आता!"

भिंगरीने वळून तिच्याकडे बघितलं. पुरतं ऐकून घेतलं. मग तोंडभर हसली, आणि आईच्या डोळ्यांत बघत खण आणखी जोरात लावला.

बारीक आवाज तिला अजून धूसर आहेत. स आणि श आम्हाला परत मिळवावे लागतील, उन्हाळा जाईल त्यात. खणाची कडी निघालीय. तुमचे दादा दारात उभे होते, कधीपासून ते देव जाणे. ते आत आले, गुडघ्यावर बसले आणि कडी हातात घेऊन बघायला लागले. भिंगरीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि जमिनीवर आपटली, त्यांना ऐकवायला.

वहिनी